चाकांच्या खुर्चीतील दोन बोटांचा फरक

वार्षिक अहवालात जमाखर्च व आकडेवारी यांच्या जोडीने एखाद्या उपयुक्त विषयाची सविस्तर ओळख वाचकांना करून द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. यंदा त्यासाठी आम्ही पुनर्वसन विभागातील एक विषय निवडला आहे. हाताने चालवण्याच्या व्हीलचेअरचे आसन मागच्या बाजूस जमिनीपासून किती उंच असावे आणि ते कसे लावून घ्यावे, एवढाच तो विषय. वरकरणी तो किरकोळ, पाना हातात घेऊन बसलेल्या कारागिराचा वाटेल. तथापि या उंचीतील दोन बोटांच्या फरकावर माणसाचे खांदे, त्याची कातडी आणि त्याचे घराबाहेर पडणे अवलंबून असते, हे आम्ही रोजच्या कामात पाहत असतो.

आपल्याकडे व्हीलचेअर ही मुख्यतः दानाची वस्तू म्हणून परिचित आहे. आईवडिलांच्या स्मरणार्थ, पुण्यतिथीच्या किंवा वाढदिवसाच्या निमित्ताने अनेक कुटुंबे रुग्णालयांना व गरजूंना खुर्च्या देतात. पाठीच्या कापडावर रंगवलेली ती नावे पाहिली की समाजातील सद्भावनेची साक्ष पटते. या सद्भावनेविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. त्याचबरोबर हेही नम्रपणे सांगावेसे वाटते, की रुग्णालयाच्या दारापासून वॉर्डापर्यंत रुग्णाला नेण्याची खुर्ची वेगळी आणि माणसाने आयुष्यभर स्वतःच्या हाताने चालवण्याची खुर्ची वेगळी. पहिली कोणालाही चालते. दुसरी चपलेसारखी किंवा चष्म्यासारखी ज्याची त्यालाच बसावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने अल्प साधनसामग्री असलेल्या प्रदेशांकरिता २००८ साली हाताने चालवण्याच्या व्हीलचेअरविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत खुर्ची पुरवण्याच्या कामाचे आठ टप्पे सांगितले आहेत. रुग्णाची नोंद, तपासणी, योग्य खुर्चीची निवड, निधी व मागणी, खुर्चीची तयारी, ती अंगाला बसवून पाहणे, वापराचे शिक्षण आणि पुढील देखभाल असे ते टप्पे होत. आपल्याकडील बहुतेक दान चौथ्या टप्प्याशी येऊन थांबते. प्रस्तुत लेखाचा विषय पाचव्या व सहाव्या टप्प्यांतील आहे.

मागची आसन-उंची म्हणजे काय

व्हीलचेअरच्या आसनाला दोन उंच्या असतात. आसनाच्या पुढच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे उभे अंतर ही पुढची उंची. पाठीचा टेका जेथे आसनाला मिळतो, तेथून जमिनीपर्यंतचे उभे अंतर ही मागची उंची. या दोन्ही समान असल्या तर आसन सपाट असते. मागची उंची कमी असली तर आसन मागे उतरते आणि बसणाऱ्याचे गुडघे नितंबांपेक्षा थोडे वर राहतात. आसनाची खोली ४० सेंटिमीटर धरली, तर मागची बाजू ४ सेंटिमीटर खाली घेतल्याने सुमारे पावणेसहा अंशांचा उतार मिळतो. डोळ्यांना तो फारसा जाणवत नाही, परंतु शरीराला जाणवतो.

खुर्चीची घडी करता येईल अशी नळ्यांची रचना १९३० च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्स यांनी लोकप्रिय केली. खाणीतील अपघातात एव्हरेस्ट यांचे पाय निकामी झाले होते आणि जेनिंग्स हे त्यांचे अभियंता मित्र होते. आज आपल्याकडे सर्वत्र दिसणारी स्टीलची घडीची खुर्ची त्याच वंशातील आहे. या खुर्चीत मागच्या चाकाचा आस चौकटीला एकाच जागी पक्का बसवलेला असतो, त्यामुळे आसनाची उंची कारखान्यात ठरते ती कायमची. १९७८ साली मॅरिलिन हॅमिल्टन या अमेरिकन महिलेला हँगग्लायडिंगच्या अपघातात अपंगत्व आले. जड खुर्चीला कंटाळून तिने आपल्या दोन मित्रांच्या साहाय्याने हलक्या वजनाची खुर्ची तयार करवून घेतली. पुढील काळात अशा हलक्या खुर्च्यांबरोबर मागचा आस वर-खाली व पुढे-मागे सरकवता येण्याची सोय सर्वत्र रुजली. अशा खुर्चीच्या चौकटीवर मागच्या बाजूस अनेक छिद्रांची एक पट्टी असते आणि चाकाचा आस हव्या त्या छिद्रात बसवता येतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण नवख्या माणसाचा प्रथम तिथेच घोटाळा होतो. आस पट्टीवर वरच्या छिद्रात नेला की आसन खाली येते. आस खालच्या छिद्रात नेला की आसन वर जाते. चाक जमिनीवरच राहते, हलते ती चौकट.

खांद्याचे गणित

निसर्गाने खांद्याचा सांधा हात सर्व दिशांना फिरावा म्हणून घडवला आहे. शरीराचे ओझे रोज वाहून नेण्याचे काम त्याने नितंब व गुडघे यांच्याकडे सोपवले आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या बाबतीत हे काम खांद्यांवर येऊन पडते. एका ढकलीत खुर्ची सरासरी एक मीटर पुढे जाते असे मानले, तरी दिवसाकाठी एक किलोमीटर फिरणाऱ्या माणसाचे खांदे हजार वेळा जोर लावतात. खाटेवर, शौचालयात, रिक्षात चढण्या-उतरण्याचे श्रम त्याखेरीज वेगळे. अशा रुग्णांपैकी साधारणतः ३० ते ७० टक्के रुग्णांना केव्हा ना केव्हा खांदेदुखी जडते, असे वेगवेगळ्या अभ्यासांतून दिसून आले आहे. पाय गेलेल्या माणसाचा खांदा गेला, तर त्याचे चालणेच दुसऱ्यांदा जाते.

आसन फार उंच असले तर हात चाकाच्या कडीपर्यंत जेमतेम पोहोचतो. कोपर जवळजवळ सरळ राहते, कडीचा थोडासाच भाग हाताखाली येतो, ढकल आखूड पडते आणि तेवढेच अंतर कापण्यास अधिक वेळा ढकलावे लागते. आसन फार खाली असले तर उलट घडते. कोपरे बाहेर फाकतात, खांदे कानांकडे उचलले जातात आणि सांध्यातील स्नायूंचे दोर हाडांमध्ये चेंगरू लागतात. या दोन टोकांच्या मध्ये योग्य जागा शोधावयाची असते.

ती शोधण्याची खूण सोपी आहे. रुग्णाने ताठ बसून हात चाकाच्या कडीच्या अगदी माथ्यावर, घड्याळात बाराचा आकडा असतो त्या जागी ठेवावा. त्या स्थितीत दंड व हात यांच्यामध्ये कोपराशी १०० ते १२० अंशांचा कोन असावा. काटकोनाहून थोडा अधिक उघडा, असा हा कोन दिसतो. नेदरलँड्समधील व्हॅन डर वूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली आसनाची उंची व खुर्ची ढकलण्याचे श्रम यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००५ साली अमेरिकेतील मज्जारज्जू-उपचारतज्ज्ञांच्या संघाने हातांच्या जपणुकीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत १०० ते १२० अंशांचाच कोन सांगितला आहे. आणखी एक घरगुती खूण अशी, की रुग्णाने दोन्ही हात सैल सोडले असता मधल्या बोटाचे टोक चाकाच्या आसाच्या जवळपास यावे.

उताराचे लाभ व त्याची किंमत

मागची उंची कमी केल्याने हात चाकाच्या अधिक जवळ येतो, हा पहिला लाभ. दुसरा लाभ धडाच्या तोलाचा आहे. छातीखालील स्नायू निकामी झालेल्या माणसाला सपाट आसनावर बसणे म्हणजे पाठ नसलेल्या स्टुलावर बसण्यासारखे असते. हात पुढे केला की तो पुढे कलंडतो. आसन थोडे मागे उतरते असले की नितंब मागच्या कोपऱ्यात स्थिर बसतात, धड टेक्याला लागते आणि दोन्ही हात मोकळे होतात. पाय आखडण्याचे झटके येणाऱ्या रुग्णालाही पुढे घसरण्यापासून काही प्रमाणात आधार मिळतो.

परंतु प्रत्येक सेंटिमीटरची किंमत मोजावी लागते. उतार वाढला की नितंबांवरील भार मागे सरकून माकडहाडाच्या आसपास दाब वाढू शकतो. ज्या रुग्णाला त्या भागात संवेदनाच नाही, त्याला ठणका लागत नाही आणि दाबव्रण कातडी फाटेपर्यंत ध्यानात येत नाही. दुसरे असे, की खोलगट आसनातून उठून उंच खाटेवर जाणे म्हणजे चढ चढणे होय, आणि तो चढ पुन्हा खांद्यांनीच चढावयाचा असतो. तिसरे, चौकट मागे कलल्याने बसणाऱ्याचा भारमध्य मागे सरकतो आणि खुर्ची मागे उलटण्याचा संभव वाढतो. नियमाप्रमाणे बांधलेल्या १:१२ च्या उतारमार्गावर चढताना खुर्ची मुळातच जवळजवळ ५ अंशांनी मागे झुकलेली असते. जी खुर्ची दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर निर्धोक वाटते, तीच अशा चढावर पुढची चाके उचलू लागते. म्हणून मागची उंची लावणे हा तडजोडीचा व्यवहार आहे. ती किती कमी करावी हे खांद्याला विचारावे, तसेच कातडीला, खाटेला आणि रस्त्यालाही विचारावे लागते.

सर्वांना एक माप नाही

कंबरेखालील भाग लुळा पडलेल्या, परंतु हातांत बळ असलेल्या तरुणाला मागची उंची पुढच्यापेक्षा २ ते ५ सेंटिमीटर कमी ठेवणे बहुधा मानवते. ही घट एकाएकी न करता टप्प्याटप्प्याने करावी.

पक्षाघाताने एक बाजू अधू झालेल्या वृद्धाचे प्रकरण अगदी निराळे असते. असा रुग्ण चांगल्या बाजूच्या हाताने चाक व त्याच बाजूच्या पायाने जमीन ढकलत खुर्ची चालवतो. त्याची टाच जमिनीला पूर्ण टेकली पाहिजे. याकरिता सबंध आसन खाली घ्यावे लागते, मात्र मागे उतार देऊन चालत नाही. उतार दिला की गुडघा वर जातो, पाय अधांतरी राहतो आणि पाय पोहोचवण्यासाठी रुग्ण आसनावरून पुढे घसरू लागतो. गुडघेदुखीमुळे खुर्ची वापरणारी व अधूनमधून उभी राहणारी व्यक्तीही याच गटात मोडते. तिला आसन सपाट व थोडे उंच असलेले सोयीचे पडते.

मधुमेहामुळे दोन्ही पाय गुडघ्यांवरून काढावे लागलेल्या रुग्णांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. पायांचे वजन पुढून नाहीसे झाल्यामुळे त्यांची खुर्ची मागे उलटण्यास फार सोपी झालेली असते. त्यांच्यासाठी मागचे चाक अधिक मागे न्यावे लागते आणि मागे आधाराची छोटी चाके लावल्याखेरीज मागची उंची कमी करू नये. लहान मुले वाढत असल्यामुळे त्यांची मापे दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात. मागील वर्षीचे योग्य माप यंदा खांद्याला जाचते.

प्रत्यक्ष काम कसे केले जाते

आमच्या विभागात हे काम फिजिओथेरपिस्ट व तंत्रज्ञ मिळून करतात. वाचकांना कल्पना यावी म्हणून त्याचा क्रम येथे देत आहोत.

१. माप नेहमी रुग्ण बसलेला असताना, त्याच्या रोजच्या गादीसह व रोजच्या पादत्राणांसह घेतले जाते. गादी बसल्यावर दबते, म्हणून रिकाम्या खुर्चीवरील मापाचा उपयोग नाही. टायरमध्ये हवा पुरेशी असल्याची खात्री आधी केली जाते. हवा कमी असली तर उंची चुकते आणि ब्रेकही नीट लागत नाही.

२. पुढची उंची, मागची उंची, कोपराचा कोन आणि घरातील खाटेची उंची यांची नोंद केली जाते. खाटेची उंची नातेवाइकांनी घरून मोजून आणावी, अशी आम्ही विनंती करतो.

३. आस सध्या ज्या छिद्रात आहे तेथे रंगाची खूण केली जाते. नवी जागा मानवली नाही तर परत येण्याची वाट त्यामुळे ठाऊक राहते.

४. रुग्णाला खाटेवर घेऊन मगच चाके काढली जातात. माणूस बसलेला असताना आसाला पाना लावला जात नाही.

५. आस एका वेळी एकाच छिद्राने सरकवला जातो. दोन्ही बाजूंची छिद्रे मोजून सारखी ठेवली जातात. एका बाजूला एक छिद्र चुकले तर खुर्ची तिरपी बसते आणि तिच्यातील माणसाचा कणाही तिरपा बसतो.

६. यानंतरचे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. चौकट कलली की पुढची लहान चाके ज्या उभ्या खुंटीवर फिरतात, ती खुंटीही कलते. ती जमिनीशी काटकोनात नसली तर चाके अडखळतात, थरथरतात आणि खुर्ची वळण्यास जड होते. गवंडी भिंत पाहतो त्याप्रमाणे गुण्या लावून ही खुंटी उभी आहे की नाही, ते पाहावे लागते. ज्या खुर्चीत खुंटीचा कोन बदलता येत नाही, तेथे पुढच्या लहान चाकाचे छिद्र बदलता येत असल्यास पुढची उंचीही तेवढीच खाली घ्यावी. आसन सपाट राहते, परंतु हात चाकाजवळ येतात.

७. मागचे चाक हलल्यामुळे ब्रेकची पकड बदललेली असते. ब्रेक पुन्हा टायरला घट्ट भिडेल असा लावला जातो. पायांची फळी जमिनीपासून किमान ५ सेंटिमीटर वर आहे ना, ते तपासले जाते. पाठीचा टेका मागे कलला असेल आणि त्याचा कोन बदलता येत असेल, तर तो पुन्हा उभा केला जातो.

८. शेवटी रुग्णाला बसवून, मागे एक माणूस हात धरून उभा ठेवून तोल पाहिला जातो. रुग्ण मागे रेलतो, हात डोक्यावर नेतो, मग उतारमार्गावर चढतो. या सर्व परीक्षांत मागचा माणूस हटत नाही.

खुर्चीतील पहिल्या एक-दोन तासांनंतर नितंब व माकडहाडाची कातडी पाहिली जाते. लाली अर्ध्या तासात ओसरली नाही, तर उंची किंवा गादी यांचा पुन्हा विचार केला जातो. यानंतर रुग्णाला एका आठवड्याने व एका महिन्याने बोलावले जाते.

एका रुग्णाचा अनुभव

कोकणात आंब्याच्या व नारळाच्या झाडांवरून, घाटावर विहिरीच्या व बांधकामाच्या कामात पडून मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण आमच्याकडे येतात. त्यांपैकी पस्तिशीतील एका शेतकऱ्याची हकीकत या विषयावर पुरेसा प्रकाश टाकणारी आहे. आंब्याच्या झाडावरून पडल्याने त्याच्या छातीखालील भाग लुळा झाला होता. त्याला एका शिबिरात खुर्ची मिळाली होती. ती ठरावीक मापाची, पक्क्या आसाची होती. पुढे दाबव्रण झाल्यामुळे घरच्यांनी काळजीपोटी आसनावर जाड फोमची गादी घातली. गादी योग्यच होती, पण तिच्यामुळे माणूस आणखी उंच झाला. तीन वर्षांनी उजवा खांदा दुखतो म्हणून तो आमच्याकडे आला तेव्हा गोळ्या, मलम, शेक हे सर्व करून झाले होते. त्याने बाहेर पडणे जवळजवळ थांबवले होते. घरच्यांना वाटे की तो खचला आहे. कडीच्या माथ्यावर हात ठेवून कोपराचा कोन मोजला, तो १४० अंश भरला.

देणगीनिधीतून त्याला आस सरकवता येणारी खुर्ची देण्यात आली. आसनाची पुढची उंची ४८ सेंटिमीटर ठेवून मागची ४४ सेंटिमीटर केली. कोपराचा कोन ११२ अंशांवर आला आणि अंगणातील खडबडीत जमिनीवरही त्याची ढकल लांब व सावकाश पडू लागली. मात्र आठवड्याने तो परत आला तेव्हा त्याची तक्रार वेगळी होती. खुर्चीतून खाटेवर जाताना खांद्याला पूर्वीपेक्षा अधिक ताण पडत होता. खुर्ची खाली आली होती, खाट होती तेथेच होती. तेव्हा आस एक छिद्र खाली घेऊन मागची उंची थोडी वाढवली आणि गावातील सुताराकडून खाटेचे पाय कापून घेण्यास सांगितले. कोन ११८ अंश झाला. अंगणातील ढकल थोडी जड झाली, पण खाटेपर्यंतचा चढ गेला. त्याचे खांदे पूर्णपणे दुखायचे थांबले, असे आम्ही म्हणणार नाही. झालेली झीज भरून येत नाही. परंतु तो पुन्हा बांधापर्यंत जातो आणि आंब्याच्या हंगामात पेट्या भरण्याच्या कामावर देखरेख करतो. त्याच्या सुधारणेत औषधाचा वाटा थोडा आणि पाना व सुताराची करवत यांचा वाटा मोठा आहे.

आस न सरकणारी खुर्ची असेल तर

बहुसंख्य रुग्णांकडे पक्क्या आसाची खुर्चीच असते, हे वास्तव आम्ही जाणून आहोत. अशा खुर्चीच्या नळीला वेल्डिंगच्या दुकानात नवे छिद्र पाडून आस सरकवण्याचा मोह अनेकांना होतो. कृपया तसे करू नये. छिद्राने नळी कमजोर होते आणि ती भर रस्त्यात, भाराखाली मोडण्याची भीती असते. त्याऐवजी काही निर्धोक उपाय आहेत. मागचे चाक २ इंच कमी व्यासाचे लावले, तर आसन मागे १ इंचाने खाली येते, कारण उंची त्रिज्येने बदलते. मात्र अशा वेळी ब्रेक, पुढच्या खुंटीचा कोन व तोल यांची वर सांगितलेली तपासणी करून घ्यावी. गादी बदलून, म्हणजे पातळ पण योग्य प्रकारच्या फोमची किंवा मागे किंचित उतरती गादी वापरूनही, काही फरक साधता येतो. गादी काढून टाकणे हा उपाय कधीही नव्हे. खांदा वाचवताना कातडी गमावली, तर दाबव्रणाने माणूस महिनोन्‌महिने खाटेला खिळतो.

नातेवाइकांसाठी काही खुणा

पुढील गोष्टी घरी दिसल्या, तर खुर्चीसह आमच्या विभागात यावे. रुग्ण ढकलताना खांदे उचलतो किंवा पुढे वाकून चाक गाठतो. पूर्वी जेथे तो एकटा जात असे, तेथे आता कोणाला तरी ढकलण्यास सांगतो. रात्री कुशीवर झोपताना खांदा दुखतो. खुर्चीत बसल्यावर तो सारखा पुढे घसरतो. उंबरठ्यावर किंवा चढावर पुढची चाके उचलली जातात. माकडहाडावर लाली राहते. या तक्रारींना वयाची किंवा मनाची तक्रार समजून सोडून देऊ नये. पुष्कळदा त्यांचे मूळ दोन नट-बोल्टांत असते. मात्र नट-बोल्ट घरी स्वतः बदलू नयेत, कारण उंचीबरोबर ब्रेक व तोल बदलतो, हे वर आलेच आहे. खुर्ची दुरुस्तीनंतर, नवी गादी घेतल्यावर किंवा रुग्णाचे वजन बरेच कमी-जास्त झाल्यावरही माप पुन्हा घ्यावे.

देणगीदारांस विनंती

वर्षभरात किती खुर्च्या वाटल्या, हा आकडा अहवालात देणे सोपे असते आणि तो वाचून समाधानही वाटते. किती खुर्च्या माणसांना नीट बसवून दिल्या व वर्षाने त्या पुन्हा तपासल्या, हा आकडा मिळवण्यास अधिक वेळ, अधिक माणसे व अधिक पैसा लागतो. त्यात फिजिओथेरपिस्टचे तास, तंत्रज्ञाचे वेतन, सुटे भाग, वेगवेगळ्या मापांच्या गाद्या आणि दूरच्या रुग्णाचे येण्याजाण्याचे भाडे हे सर्व येते. या खर्चावर कोणाचे नाव रंगवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली व्हीलचेअर-पुरवठ्याविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही वस्तूच्या बरोबरीने ती पुरवण्याच्या सेवेवर भर दिला आहे.

म्हणून आमची देणगीदारांना नम्र विनंती आहे, की व्हीलचेअरसाठी देणगी देताना ती खुर्ची बसवून देण्याचा, गादीचा व पुढील तपासणीचा खर्च त्यातच धरावा. त्यामुळे एखाद्या वर्षी खुर्च्यांची संख्या कमी झाली, तरी आम्हांला ती मान्य आहे, आणि विश्वस्तांनीही ती मान्य करावी असे आम्हांला वाटते. दिलेली खुर्ची अंगणात गंजत पडण्यापेक्षा, दिलेल्या थोड्या खुर्च्यांतून माणसे शेतावर, शाळेत, कामावर व देवळात जाताना दिसावीत. आपल्या मराठीत ‘बसवणे’ या शब्दाला माणसाला बसवणे आणि यंत्र जागी बसवणे असे दोन्ही अर्थ आहेत. व्हीलचेअरच्या बाबतीत हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. ज्या खुर्चीचे माप जुळले आहे, तिच्यातच माणूस खऱ्या अर्थाने बसलेला असतो.

ज्यांच्याकडे रुग्णासाठी पूर्वी मिळालेली खुर्ची आहे, ती कोणी व केव्हा दिलेली असो, त्यांनी ती घेऊन पुनर्वसन विभागात यावे. सोबत घरची गादी, रोजच्या चपला आणि खाटेच्या उंचीचे माप आणावे.